दोन संज्ञांचा वाद : अमेरिकन दूरसंचार कायद्यातील ‘दूरसंचार सेवा’ आणि ‘माहिती सेवा’

१

शब्दाला अर्थ कोण देतो, हा भारतीय शास्त्रपरंपरेतील एक जुना प्रश्न होय. अमुक पदावरून अमुक अर्थ जाणावा, या इच्छेला नैयायिकांनी ‘संकेत’ म्हटले. प्राचीनांच्या मते ही इच्छा ईश्वराची. नव्यांच्या मते ती ईश्वराचीच असली पाहिजे असे नाही, इच्छा असणे पुरेसे आहे. नित्याच्या व्यवहारातील शब्दांपुरता पाहिला तर हा वाद पंडितांच्या सभेबाहेर क्वचितच पडतो. कायद्यातील संज्ञांची स्थिती मात्र वेगळी आहे. तेथे एका शब्दाचा अर्थ बदलताच कोणाचे कर्तव्य सुटते, कोणावर नवे कर्तव्य येते, आणि पुष्कळदा मोठ्या द्रव्यराशीचा ओघही बदलतो. साहजिकच तेथे ‘अर्थ काय?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा?’ हा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दुसऱ्या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण घडून आले. घरोघरी इंटरनेट पुरविणारी कंपनी ‘दूरसंचार सेवा’ देते की ‘माहिती सेवा’, हा वाद तेथे पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला. २ जानेवारी २०२५ रोजी सिनसिनाटी येथील सहाव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने ती ‘माहिती सेवा’ होय असा निर्णय दिला. वरवर पाहता हा केवळ वर्गीकरणाचा तंटा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी इंग्रजी न्यायपरंपरेतील एक प्राचीन कर्तव्य आहे, आणि त्याच्या शेवटी शासनसंस्थांमधील सत्तेच्या वाटणीत झालेला एक मोठा पालट आहे. या दोन टोकांमधील इतिहास क्रमाने पाहिल्यास असे दिसून येते की, हा वाद शब्दार्थाच्या भाषेत लढला गेला असला तरी तो शब्दार्थाने सुटण्यासारखा नव्हता.

२

इंग्लंडच्या रूढ कायद्यात नावाडी, सराईचा मालक, मालाची ने-आण करणारा यांच्यावर एक विशेष बंधन असे. जो कोणी रास्त मोबदला देईल त्याचे काम त्यांनी केले पाहिजे; हा आपला, तो परका असा भेद करता येत नसे. अशा व्यावसायिकास ‘सार्वजनिक वाहक’ ही संज्ञा रूढ झाली. बंधनामागील कारण सरळ होते. नदीवर होडी एकच असेल तर नावाड्याच्या मर्जीवर पलीकडच्या तीरावरील बाजार अवलंबून राहतो.

अमेरिकेत हे तत्त्व नव्या साधनांना हळूहळू लागू होत गेले. १८६० च्या पॅसिफिक टेलिग्राफ कायद्याने असे ठरविले की, शासकीय संदेशांना दिलेला अग्रक्रम वगळता बाकीचे संदेश ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने, निःपक्षपातीपणे पाठवावेत. १८७७ साली ‘मन विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिकागो येथील धान्यकोठारांचे दर ठरविण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. तेव्हा सरन्यायाधीश वेट यांनी आधार घेतला तो सतराव्या शतकातील इंग्रज विधिज्ञ हेल यांचा. खाजगी मालमत्ता सार्वजनिक हिताशी निगडित झाली म्हणजे ती निव्वळ खाजगी राहत नाही, असा त्या प्रतिपादनाचा आशय होता. १८८७ च्या आंतरराज्य वाणिज्य कायद्याने रेल्वे कंपन्या संघीय नियंत्रणाखाली आल्या, १९१० च्या मन-एल्किन्स कायद्याने तार व दूरध्वनी कंपन्या आल्या, आणि १९३४ च्या दळणवळण कायद्याने या सर्व संदेशवाहनासाठी ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ हा स्वतंत्र आयोग स्थापन झाला.

या १९३४ च्या कायद्यातील एक गोष्ट शब्दाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात सार्वजनिक वाहकाची व्याख्या, ‘मोबदला घेऊन सार्वजनिक वाहक म्हणून काम करणारी व्यक्ती’ अशी केलेली आहे. शास्त्रीय परिभाषेत हा उघड आत्माश्रय दोष होय; कारण ज्याचे लक्षण करावयाचे तेच लक्षणात आलेले आहे. तथापि या दोषामुळे दीर्घकाळ मोठी अडचण आली नाही. दूरध्वनी कंपनी म्हणजे वाहक, हे सर्वांस ठाऊक होते. व्याख्येचे काम रूढीने केले. रूढी जोवर एक असते तोवर सदोष व्याख्याही चालून जाते. साधन बदलले म्हणजे तिचा दोष उघडा पडतो.

३

साधन बदलले ते संगणकामुळे. दूरध्वनीच्या तारांवरून संगणक एकमेकांशी बोलू लागले, तेव्हा आयोगापुढे नवा प्रश्न आला : संदेश वाहून नेणे कोठे संपते आणि त्यावर प्रक्रिया करणे कोठे सुरू होते? १९६६ पासून आयोगाने या विषयाच्या चौकशा चालविल्या. १९८० साली त्याने ‘मूलभूत सेवा’ आणि ‘वर्धित सेवा’ असा भेद केला. जे दिले तेच जसेच्या तसे पोचविणे ही मूलभूत सेवा; तिच्यावर वाहकाची बंधने. वाटेत माहितीवर प्रक्रिया करणे, ती साठविणे किंवा तिचे रूप बदलणे ही वर्धित सेवा. तिच्यावर ती बंधने नाहीत. याच सुमारास अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीविरुद्धचा मक्तेदारीचा दावा निकाली निघाला. १९८२ च्या त्या तडजोडीच्या हुकूमनाम्यात ‘दूरसंचार सेवा’ व ‘माहिती सेवा’ या संज्ञा आल्या, आणि १ जानेवारी १९८४ रोजी कंपनीचे विभाजन अमलात आले.

या संज्ञा काँग्रेसने १९९६ च्या दूरसंचार कायद्यात घेतल्या. त्या कायद्यानुसार, उपयोग करणाऱ्याने निवडलेली माहिती, त्याने सांगितलेल्या स्थळांमध्ये, रूप वा आशय न बदलता पोचविणे म्हणजे ‘दूरसंचार’. आणि ते मोबदला घेऊन थेट जनतेला देऊ करणे म्हणजे ‘दूरसंचार सेवा’. याउलट दूरसंचाराच्या द्वारा माहिती निर्माण करणे, मिळविणे, साठविणे, तिचे रूपांतर करणे, ती उपलब्ध करून देणे यांची क्षमता देऊ करणे म्हणजे ‘माहिती सेवा’.

या दोन व्याख्यांचा परस्परसंबंध बारकाईने पाहिला पाहिजे. त्या दिवस आणि रात्र यांसारख्या परस्परविरोधी नाहीत. माहिती सेवेच्या व्याख्येतच ‘दूरसंचाराच्या द्वारा’ हे शब्द आहेत. म्हणजे दुसरीच्या पोटात पहिलीचे मूळ द्रव्य आहेच. मग प्रश्न असा की, पोटातील ही वस्तू ग्राहकाला स्वतंत्रपणे देऊ केली जाते की नाही?

१९९६ साली हा प्रश्न तीव्र नव्हता. त्या वेळी बहुसंख्य घरगुती ग्राहक दूरध्वनीवरून क्रमांक फिरवून इंटरनेटशी जोडले जात. तार एका कंपनीची, इंटरनेटची सेवा दुसऱ्या कंपनीची. दुसरीला ‘माहिती सेवा’ म्हटले तरी बिघडत नसे, कारण खालची तार ज्या कंपनीची होती तिच्यावर वाहकाची बंधने कायम होती. पुढे दूरचित्रवाणीच्या केबलवरून वेगवान ब्रॉडबँड येऊ लागले, आणि तार व सेवा या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या हाती आल्या. आता त्या एकत्र वस्तूला कोणते नाव द्यावयाचे, यावर वाहकाचे कर्तव्य उरते की नाहीसे होते हे ठरणार होते.

४

नावाबद्दल एकमत नव्हतेच. २००० साली पोर्टलंड शहराच्या एका खटल्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने केबलवरील इंटरनेटमध्ये दूरसंचार सेवा अंतर्भूत आहे असे म्हटले. मार्च २००२ मध्ये आयोगाने त्याच्या उलट, ती निव्वळ माहिती सेवा आहे असे जाहीर केले. कॅलिफोर्नियातील ‘ब्रँड एक्स’ नावाच्या एका इंटरनेट कंपनीने त्यास आव्हान दिले, आणि २७ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आयोगाच्या बाजूने निकाल दिला.

या निकालात सारा वाद ‘देऊ करणे’ या एका क्रियापदावर येऊन ठेपला. बहुमताच्या वतीने लिहिताना न्यायमूर्ती टॉमस यांनी मोटारीचा दाखला दिला. विक्रेता मोटार देऊ करतो. इंजिन किंवा सांगाडा देऊ करतो असे आपण म्हणत नाही, कारण हे भाग मोटारीत एकजीव झालेले असतात. न्यायमूर्ती स्कालिया यांनी भिन्नमत निकालपत्रात पिझ्झाच्या दुकानाचा दाखला पुढे केला. दुकानदार म्हणाला की, आम्ही घरपोच सेवा देऊ करत नाही, मात्र तुम्ही पिझ्झा मागविलात तर तो भाजून तुमच्या घरी आणून देऊ, तर ऐकणारा चक्रावून जाईल. तयार करणे आणि आणून देणे एकाच सौद्यात असले म्हणून आणून देणे लोपत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

भाषेच्या दृष्टीने दोन्ही दाखले योग्य आहेत, आणि त्यातच या वादाचे मर्म आहे. समुदायाचा निर्देश केल्याने अवयवाचा निर्देश होतो की नाही, हे क्रियापदावर अवलंबून नसून ऐकणाऱ्याला त्या अवयवाशी किती कर्तव्य आहे यावर अवलंबून असते. मोटार घेणाऱ्यास इंजिन वेगळे नको असते. पिझ्झा मागविणाऱ्यास तो घरी येणे हवे असते. इंटरनेट घेणाऱ्यास काय हवे असते, या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात सापडणारे नाही.

बहुमतालाही ही संदिग्धता मान्य होती. परंतु १९८४ च्या ‘शेव्हरॉन’ खटल्यात न्यायालयाने असा नियम घालून दिला होता की, कायद्याचा शब्द संदिग्ध असेल आणि संबंधित शासकीय संस्थेने त्याचा केलेला अर्थ युक्त असेल, तर न्यायालयाने तो मानावा. ‘शेव्हरॉन’ खटलाही हवेच्या प्रदूषणाच्या कायद्यातील ‘उगमस्थान’ या शब्दाच्या व्याप्तीबद्दलच होता. सारांश, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने शब्दाचा अर्थ ठरविला नाही. तो कोणी ठरवावा एवढेच ठरविले. संकेताचा स्वामी आयोग ठरला.

५

या स्वामित्वाचे परिणाम लवकरच दिसू लागले. ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने कॉमकास्ट कंपनीच्या जोडणीवरून ‘बिटटोरंट’ या पद्धतीने बायबलचा इंग्रजी पाठ पाठवून पाहिला, तेव्हा कंपनी त्या वाहतुकीत अडथळा आणत असल्याचे तिला आढळले. जाळ्यावरील गर्दीचे व्यवस्थापन आवश्यक आहे, अशी कंपनीची बाजू होती. २००८ मध्ये आयोगाने कंपनीला दोषी धरले. परंतु एप्रिल २०१० मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने तो आदेश, आयोगास तसा अधिकार नाही म्हणून, रद्द केला. आयोगाने त्याच वर्षी नवे नियम केले. १४ जानेवारी २०१४ रोजी त्याच न्यायालयाने त्यांतील मुख्य नियमही रद्द केले. या निकालामागील तर्क साधा होता. भेदभाव करू नये, वाट अडवू नये, ही वाहकाची बंधने होत. आणि कायद्यानुसार ती केवळ दूरसंचार सेवा देणाऱ्यावरच घालता येतात. आयोगानेच या कंपन्यांना ते नाव नाकारले होते. नाव न देता कर्तव्य लादता येत नाही.

यातून आयोगापुढे एकच मार्ग उरला. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अध्यक्ष टॉम व्हीलर यांच्या कारकिर्दीत आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी ब्रॉडबँडला ‘दूरसंचार सेवा’ हे नाव दिले, आणि अडवणूक, मुद्दाम वेग कमी करणे व पैसे घेऊन अग्रक्रम देणे या तिन्हींना मनाई केली. यालाच लोकव्यवहारात ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात. दर ठरविण्याचा अधिकार मात्र आयोगाने आपण होऊन वापरला नाही. कंपन्यांचा आक्षेप निव्वळ स्वार्थाचा होता असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. एकाच दूरध्वनी कंपनीच्या मक्तेदारीसाठी १९३४ साली रचलेली चौकट स्पर्धेच्या व्यवसायाला लावली तर नव्या तारा टाकण्यासाठी भांडवल कोण गुंतवील, हा त्यांचा प्रश्न विचारार्ह होता. २०१६ साली अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी आयोगाचा निर्णय उचलून धरला. आधार पुन्हा ‘शेव्हरॉन’ व ‘ब्रँड एक्स’ यांचाच.

अध्यक्षीय निवडणुकीने आयोगातील बहुमत बदलले. १४ डिसेंबर २०१७ रोजी, अध्यक्ष अजित पै असताना, तीन विरुद्ध दोन मतांनीच जुने नाव परत आले. तत्पूर्वी आयोगाने लोकांची मते मागविली, तेव्हा २ कोटी २० लाखांच्या आसपास अभिप्राय आले. न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादींनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशीनुसार त्यांपैकी सुमारे १ कोटी ८० लाख बनावट होते. ८५ लाखांहून अधिक अभिप्राय ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या मोहिमेतून, लोकांच्या संमतीवाचून त्यांच्या नावे पाठविलेले होते. तर विरुद्ध बाजूने सुमारे ७७ लाख अभिप्राय एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने कल्पित नावांनी पाठविले होते. जो लोकसंकेत जाणून घ्यावयाचा तोच अशा रीतीने अविश्वसनीय ठरला.

प्रतिनिधींची सभाही निर्णय करू शकली नाही. मे २०१८ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी २०१७ चा निर्णय फिरविण्याचा ठराव केला, तो प्रतिनिधिगृहात पुढे गेला नाही. एप्रिल २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने २३२ विरुद्ध १९० मतांनी विधेयक मंजूर केले, ते सिनेटमध्ये अडले.

हा वाद कागदावरच राहणारा नाही, याची जाणीव २०१८ च्या उन्हाळ्यात झाली. कॅलिफोर्नियातील प्रचंड वणव्याशी झुंजणाऱ्या सांता क्लारा परगण्याच्या अग्निशामक दलाची इंटरनेट जोडणी, ठरलेली मर्यादा ओलांडली म्हणून व्हेरायझन कंपनीने ऐन वेळी अतिशय मंद केली. ही ग्राहकसेवेतील चूक होती, नेट न्यूट्रॅलिटीशी तिचा संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. काटेकोर अर्थाने ते खरे असूही शकेल. परंतु १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘मोझिला’ खटल्यात अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय मुख्यतः मान्य करतानाही, सार्वजनिक सुरक्षिततेचा पुरेसा विचार झाला नाही, असे नमूद केले. राज्यांना स्वतःचे नियम करण्यास केलेली सरसकट बंदीही त्याने रद्द केली. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्याला वाट मिळाली व २०२१ मध्ये त्याचा अंमल सुरू झाला.

६

नंतरचा टप्पा नाट्यपूर्ण आहे. २०२१ पासून आयोगात दोन विरुद्ध दोन अशी कोंडी होती. ती सप्टेंबर २०२३ मध्ये पाचव्या सदस्याच्या नेमणुकीने सुटली. २५ एप्रिल २०२४ रोजी, जेसिका रोझेनवर्सेल अध्यक्ष असताना, पुन्हा तीन विरुद्ध दोन मतांनी ‘दूरसंचार सेवा’ हे नाव परत आणले गेले. परंतु २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘लोपर ब्राइट’ खटल्यात ‘शेव्हरॉन’चा नियमच रद्द केला. हेरिंग मासे पकडणाऱ्या होड्यांवर नेमलेल्या निरीक्षकांचा खर्च कोणी द्यावा, एवढ्या वादातून हा निर्णय निघाला. कायद्याचा शब्द संदिग्ध असला तरी त्याचा उत्तम अर्थ शोधणे हे न्यायालयाचेच काम होय, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले. ज्या न्यायमूर्ती टॉमस यांनी २००५ मध्ये ‘ब्रँड एक्स’चा निकाल लिहिला होता, त्यांनी २०२० मध्येच एका भिन्नमत टिपणात तो आपला निकाल चुकीचा होता असे कबूल केले होते.

संकेताचे स्वामित्व अशा रीतीने आयोगाकडून न्यायालयाकडे आले. सहाव्या परिमंडळाच्या तीन न्यायाधीशांनी २ जानेवारी २०२५ रोजी त्याच अधिकाराने असे ठरविले की, ब्रॉडबँड कंपनी ग्राहकाला माहिती मिळविण्याची ‘क्षमता’ दूरसंचाराच्या ‘द्वारा’ देऊ करते; सबब ती माहिती सेवा होय. आयोगाची वारंवार चाललेली ये-जा आता थांबविता येईल, असेही त्यांनी म्हटले.

७

या निकालाने अस्थैर्य कमी झाले, हे खरे आहे. दर निवडणुकीला शब्दाचा अर्थ बदलावा, ही स्थिती कोणत्याही कायद्याला शोभणारी नव्हती. परंतु न्यायालयाच्या हाती दिल्याने अर्थ अधिक निश्चित होतो, हे गृहीत इतिहासाने सिद्ध होत नाही. कायद्याच्या अक्षरांना सर्वांत घट्ट धरून राहणारे म्हणून ज्यांची ख्याती होती ते स्कालिया, यात दूरसंचार सेवा असल्याचे उघड आहे म्हणाले. वीस वर्षांनी तशाच अक्षरनिष्ठेने तीन न्यायाधीशांना त्याच वाक्यात माहिती सेवा स्वच्छ दिसली. मधल्या काळात व्याख्येतील एक अक्षरही बदललेले नव्हते. ज्या वाक्याचे दोन विरुद्ध अर्थ दोघा प्रामाणिक वाचकांना तितकेच उघड दिसतात, त्या वाक्यात अर्थाचा दोष नसतो. त्यात निर्णयाचा अभाव असतो.

हा निर्णय घ्यावयाचा होता तो काँग्रेसने. १९९६ साली ज्या वस्तूला नाव दिले ती क्रमांक फिरवून मिळणारी जोडणी होती. ती वस्तू लोपली. नावे मात्र मागे राहिली, आणि नव्या वस्तूवर त्यांतले कोणते चिकटवावयाचे, यासाठी आयोग व न्यायालये पाव शतक झगडत राहिली. नव्या वस्तूवर वाहकाचे कर्तव्य असावे की नसावे, असा सरळ प्रश्न विधिमंडळाने स्वतःस विचारून त्याचे उत्तर कायद्यात लिहिले असते, तर ‘देऊ करणे’ या क्रियापदावर इतका भार पडला नसता.

जुन्या कायद्याने नावाड्याला बांधले ते त्याला कोणत्या नावाने हाक मारतात हे पाहून नव्हे. पलीकडे जाण्यास दुसरी वाट आहे की नाही हे पाहून. ज्या घरात एकच तार येते त्या घरापुरता प्रश्न २०२५ च्या निकालानंतरही तोच राहिला, आणि संघीय कायद्यात त्याचे उत्तर लिहिले गेले नाही.